टेन्शनची गोळी

राष्ट्रीय महामार्ग ५३ देवरीतून जातो. पश्चिमेला साकोली, भंडारा, मग नागपूर. पूर्वेला सिरपूर ओलांडले की छत्तीसगड. या रस्त्याला लागून माझे औषधांचे दुकान आहे. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचे. एक ट्रकवाले. त्यांना ॲसिडिटीची गोळी, नाहीतर कंबरेला लावायचे मलम हवे असते. इंजिन बंद न करता येतात आणि जातात. दुसरी चिचगड, ककोडी, पालांदूरकडची माणसे. ती एसटीने नाहीतर काळी-पिवळी जीपने येतात, बाजार करतात, परतीच्या गाडीला वेळ असतो. दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत ती बाजूला उभी राहतात. मग काउंटरवर वाकून हळू आवाजात विचारतात, "भाऊ, टेन्शनची गोळी आहे का जी?"

अशी गोळी नाही. झोपेची औषधे आहेत, घबराट कमी करणारी आहेत, पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात आणि मी देत नाही. तेवढे सांगितले तरी माणूस जात नाही. एवढे विचारण्यासाठी त्याने घरून हिंमत गोळा करून आणलेली असते, ती काही लगेच परत नेता येत नाही. मग तो बोलतो. कर्ज, धान, भाऊबंदकी, पोरीचे लग्न, पोराची दारू. मी ऐकतो. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, फार्मसीचा डिप्लोमा केलेला दुकानदार आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पण इतकी वर्षे ऐकून आणि त्यापायी थोडे वाचून माझे एक मत तयार झाले आहे, ते मांडतो.

माझ्याकडे पोहोचेपर्यंत या माणसाला दोन सल्ले मिळून गेलेले असतात. घरचे म्हातारे म्हणतात, मन घट्ट कर, कोणाला दिसू देऊ नको. मोबाइल पाहणारा पुतण्या म्हणतो, काका, पॉझिटिव्ह विचार करा, जे होते ते चांगल्यासाठीच. पहिला सल्ला भावना दाबायला सांगतो, दुसरा खोटे बोलायला. दोन्ही मला पटत नाहीत.

दाबण्याबद्दल तर मोजूनमापून केलेले काम आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेची किळसवाणी फिल्म दाखवली, हात कापून काढण्याची. काहींना सांगितले, नुसते पाहा. काहींना सांगितले, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. उरलेल्यांना सांगितले, डॉक्टर पाहील तसे तटस्थपणे, शस्त्रक्रियेच्या तांत्रिक बाजूकडे लक्ष देऊन पाहा. ज्यांनी चेहरा दगडासारखा ठेवला त्यांना किळस आली ती आलीच, वर शरीराची आतली धावपळ नुसते पाहणाऱ्यांपेक्षा वाढली. ज्यांनी पाहण्याची दृष्टी बदलली त्यांना मुळात किळसच कमी वाटली, आणि शरीराला त्याचा तसा दंडही बसला नाही. पुढे २००२ मध्ये केविन ऑक्स्नर, ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचे स्कॅन काढून पाहिले. प्रसंगाचा अर्थ नव्याने लावताना कपाळामागचा, विचार करणारा भाग जास्त काम करतो आणि भीतीशी जोडलेल्या अमिग्डाला नावाच्या भागातली हालचाल उतरते.

म्हणजे जागा महत्त्वाची. भावना भडकून वर आल्यावर झाकण लावायचे, की ती जिथे तयार होते तिथेच हात घालायचा?

हे मला प्रथम मराठीतून कळले. नागपूरला माल आणायला गेलो असता एका दुकानात डॉ. आनंद नाडकर्णींचे 'विषादयोग' हाती लागले. ठाण्याला १९९० मध्ये त्यांनी मानसिक आरोग्यासाठी आय.पी.एच. ही संस्था सुरू केली, हे अनेकांना ठाऊक असेल. त्या पुस्तकातून मी अल्बर्ट एलिसपर्यंत गेलो, आणि एलिसकडून पुन्हा मुंबईला, कि. मो. फडक्यांपर्यंत आलो.

एलिसचे थोडे सांगायलाच हवे, कारण हा माणूस आपल्याकडच्या सात्त्विक उपदेशकांत अजिबात बसत नाही. जन्म १९१३, पिट्सबर्गचा, वाढला न्यूयॉर्कमध्ये. लहानपणी मूत्रपिंडाच्या आजाराने वरचेवर दवाखान्यात, वडील बहुतेक बाहेरच. तरुणपणी मुलींशी बोलायची इतकी भीती की पाय लटपटायचे. एकोणिसाव्या वर्षी त्याने ठरवले, घराजवळच्या बागेत बाकावर एकटी बसलेली जी बाई दिसेल तिच्या शेजारी जाऊन बसायचे आणि बोलायचे. महिनाभरात शंभर जणींशी बोलला. त्यातल्या एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले आणि ती आली नाही. पण कोणी मारले नाही, पोलिसांना बोलावले नाही, आकाश कोसळले नाही. भीती मात्र गेली.

पुढे तो मानसोपचारक झाला. आधी फ्रॉइडच्या वाटेने. रुग्णाला कोचावर झोपवून त्याच्या बालपणात वर्षानुवर्षे खणत बसण्याचा त्याला कंटाळा आला. १९५५ च्या सुमारास त्याने स्वतःची पद्धत सुरू केली. तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मूळ कल्पना त्याची नव्हे, आणि तो ते मोकळेपणाने सांगे. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस, जो आधी गुलाम होता, त्याने एकोणीसशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते की माणसाला घटना छळत नाहीत, घटनांबद्दलची त्याची मते छळतात. एलिसने त्या वाक्याचे कामाचे हत्यार केले. त्याच सुमारास फिलाडेल्फियात ॲरन बेक नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने खिन्न रुग्णांच्या डोक्यात आपोआप येणारे विचार टिपायला सुरुवात केली. आज जगभर जी विचार-वर्तन उपचारपद्धती वापरतात ती या दोघांच्या पायावर उभी आहे.

मुंबईच्या फडक्यांनी १९६८ मध्ये एलिसला पत्र लिहायला घेतले आणि हा पत्रव्यवहार तीन दशकांहून जास्त चालला. ते दिवस आठवा. पत्र न्यूयॉर्कला जायला आणि उत्तर यायला आठवडे लागायचे. शंका विचारायची, उत्तर यायचे, त्यावर पुन्हा हरकत घ्यायची. या टपालातून विवेकनिष्ठ मानसोपचार भारतात आला, आणि एलिसच्या संस्थेने फडक्यांना मान दिला. त्यांच्यासोबत काम केलेल्या डॉ. अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' नावाचे पुस्तक मराठीत लिहिले. ज्याला या विक्षिप्त माणसाची संगत हवी असेल त्याने ते मिळवावे.

एलिस रुग्णांना लाज घालवण्याचे गृहपाठ द्यायचा. केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखे रस्त्यावरून फिरवा; भरल्या गाडीत उभे राहून पुढच्या स्टेशनांची नावे मोठ्याने ओरडा. लोक हसतील, हसू द्या, आणि तेवढ्याने आपण मरत नाही हे पाहा. हा दुसरा गृहपाठ आमच्या बसस्टँडवर चालायचा नाही. कोणी "चिचगड, चिचगड, ककोडी" ओरडू लागला, तर त्याला लोक काळी-पिवळीचा एजंट समजतील आणि जीपमध्ये जाऊन बसतील.

असो. पद्धत कशी चालते ते एका गिऱ्हाइकावरून सांगतो. त्याची ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही.

दिवाळी होऊन गेली होती. हलका, लवकर निघणारा धान कापून लोकांनी कडपा (कापलेल्या धानाचे पुंजके) बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वाळायला पसरल्या होत्या आणि पाऊस आला. दोन दिवस पडला. ज्यांनी धान शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: उभा धान भिजला तर बराच वाचतो, पण कापून जमिनीवर पसरलेल्या कडपांत पाणी साचले की दाण्याला कोंब येतात, दाणा काळा पडतो, आणि गिरणीवाला हात लावत नाही. हा माणूस पन्नाशीचा, शेती अडीच एकर. दुकानात आला तो झोपेची गोळी मागत. डोळे तारवटलेले.

"सप्पा संपला जी, भाऊ. आता जगून का करू?"

शेवटचे वाक्य ऐकले की मी दुसरे गिऱ्हाईक घेत नाही. त्याला आत स्टुलावर बसवले, चहा मागवला आणि सरळ विचारले, जिवाचे काही वाईट करायचे मनात आहे का. असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार नव्याने घुसत नाही. आधीच घुसला असेल तर त्याला बाहेर यायला दार मिळते. तो म्हणाला, "नाही जी, तोंडातून निघते." तरी त्याच्या मुलाला फोन करून बोलावून घेतले. मुलगा येईपर्यंत आम्ही बिलबुकातले एक पान उलटे करून लिहीत बसलो.

तीन गोष्टी. काय घडले, आपण मनाशी काय म्हणालो, आणि त्यानंतर काय वाटले, काय केले. अडचण नेहमी पहिल्या ओळीत येते. त्याला विचारले काय घडले, तर म्हणाला, सप्पा संपला. मी म्हटले, हे बांधीत उभा राहून फोटो काढणाऱ्याला दिसेल का? त्याला काय दिसेल तेवढेच सांगा. मग हळूहळू निघाले: दीड एकरातल्या कडपा भिजल्या. एक एकर भारी धान अजून उभा आहे, थोडा लोळला आहे. 'सप्पा संपला' हे पहिल्या ओळीत बसत नव्हते, ते दुसऱ्या ओळीतले होते. ते त्याने स्वतःशी म्हटलेले वाक्य होते, आणि दोन रात्री त्याची झोप त्या वाक्याने घेतली होती.

दुसऱ्या ओळीत आणखी दोन वाक्ये निघाली. "असा व्हायलेच नोको होता." आणि "माह्याच नशिबात कायले?"

एलिसचे सारे लक्ष असल्या वाक्यांवर असते. पाऊस पडू नये असे वाटणे ही इच्छा. ती कोणाही शेतकऱ्याची असणार आणि असावी. पण ती इच्छा 'पडताच कामा नये' अशी हुकमाची झाली की गडबड होते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की आमच्याकडे पाऊस येतो. येताना कोणाच्या कडपा कुठे पसरल्या आहेत याची चौकशी करण्याची त्याची पद्धत नाही. त्याच्याशी भांडण करणारा माणूस एकटाच भांडत असतो, आणि रात्रभर भांडतो.

मग त्या वाक्यांना तीन प्रश्न विचारायचे. हे खरे आहे का? यावरून ते निघते का? आणि असे म्हणत राहिल्याने माझे काही भले होते का? सप्पा संपला हे खरे नाही, एक एकर उभा आहे. दीड एकर गेला, यावरून 'जगण्यात अर्थ नाही' हे निघत नाही. आणि तिसऱ्या प्रश्नावर तो स्वतःच म्हणाला, "दोन दिस झाले, मी बांधीत गेलोच नाही जी."

नेमके तेच. त्या वर्षीच्या पीकविमा योजनेत नुकसानीची सूचना ७२ तासांत देणे बंधनकारक होते. त्यातले अठ्ठेचाळीस तास त्याने खाटेवर पडून घालवले होते. ओल्या कडपा उलटल्या असत्या, उंच बांधावर आणून पसरल्या असत्या तर काही दाणा वाचला असता, तेही झाले नव्हते. मला या विचारपद्धतीचे कौतुक आहे ते इथे. मनःशांती वगैरे मोठ्या गोष्टी ज्यांना हव्या त्यांनी शोधाव्यात. उरलेले चोवीस तास त्या माणसाला मोकळे मिळाले, एवढे मला पुरेसे वाटते. मुलगा आला, दोघांनी दुकानातूनच विम्याच्या क्रमांकावर फोन लावला, कृषी सहायकाला लावला आणि निघाले. पुढे किती पैसे आले ते त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही.

जाताना त्याला बरे वाटत होते का? नाही. तो दुःखी होता, आणि दुःखीच असायला हवा होता. 'पॉझिटिव्ह' वाल्या पुतण्याशी माझे भांडण हेच आहे. दीड एकर धान सडला तर ते वाईटच म्हणायचे. जे झाले ते चांगल्यासाठी झाले असे म्हणणारा, स्वतःच्या बांधीतल्या कोंब आलेल्या दाण्याकडे पाहून ते म्हणू शकेल का? एलिसने भावनांच्या जोड्या लावल्या आहेत. दुःख चालेल, खचून जाणे नको. काळजी चालेल, धास्ती नको. चीड चालेल, डोके फिरवणारा संताप नको. पश्चात्ताप चालेल, स्वतःला पायाखाली तुडवणे नको. प्रत्येक जोडीतली पहिली भावना माणसाला कामाला लावते, दुसरी त्याला खाटेवर पाडते नाहीतर काठी घ्यायला लावते.

पोलीस भरतीचे दिवस आले की दुकानात क्रेप बँडेज आणि वेदना कमी करणारे स्प्रे खपतात. आमच्या भागातल्या मुलामुलींना नोकरीचे जे दोन-तीन रस्ते दिसतात त्यातला हा एक. पहाटे महामार्गाच्या कडेने पोरे-पोरी धावताना दिसतील, ट्रकच्या दिव्यांत. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मुलींना ८०० मीटर धावायचे असते. अशी एक मुलगी, दोनदा हुकलेली, यादी लागली त्या संध्याकाळी डोकेदुखीची गोळी घ्यायला आली. थोडक्या गुणांनी राहिली होती.

"माझं जीवनच बेकार आहे, काका."

तिच्याशी मी वेगळा खेळ खेळलो. शून्य ते शंभर असा वाईटपणाचा काटा. म्हटले, झालेली गोष्ट किती वाईट? म्हणाली, शंभर. मग म्हटले, आता याच काट्यावर आणखी काही गोष्टी बसव. तुझ्या आईला काही झाले तर? ती रागावली, तिने माझ्याकडे असे पाहिले की मला प्रश्न मागे घ्यावा वाटला. पण ती विचार करू लागली. तुझा पाय कायमचा गेला तर? धाकटा भाऊ शाळा सोडून कामाला गेला तर? प्रत्येक गोष्टीला जागा द्यायची म्हणजे भरतीला खाली सरकावे लागले. नव्वद, ऐंशी, शेवटी साठवर थांबली. मी म्हटले, साठ पुष्कळ आहे, आणखी खाली ओढू नको. साठ एवढे रडू येणारच.

या खेळात एक धोका आहे, तो सांगून ठेवतो. बाहेरच्या माणसाने 'जगात तुझ्यापेक्षा दुःखी लोक आहेत' म्हणून हिणवायचे, त्याचे हे रूप होऊ शकते. आकडा तिचाच असला पाहिजे. आपण ओढून खाली आणलेला आकडा घरी जाईपर्यंत पुन्हा वर जातो.

'जीवन बेकार' हे राहिलेच होते. भरतीत नापास झालेली मुलगी आणि बेकार मुलगी, या दोन वेगळ्या गोष्टी. परीक्षा तिचे धावणे आणि तिचे गणित तपासते. तिला अख्खी तपासण्याचा अधिकार कोणत्याही यादीला नाही. एलिस तर पुढे जाऊन म्हणे, माणसाला अख्खे गुण द्यायचेच नाहीत, कमीही नाहीत आणि जास्तही नाहीत. ही गोष्ट मला अजून पुरती पचलेली नाही. दुकानात बसून मी दिवसभर माणसांना गुण देत असतो: हा उधारी बुडवणारा, ही प्रामाणिक, तो कटकट्या. पण मुलीला ती पटली. तिने विचारले, "मग मी फक्त गणितात बेकार आहे?" मी म्हटले, गणितात कच्ची आहेस, यंदापुरती. ती हसली. पुढच्या भरतीचे तिने काय ठरवले, ते तिच्यावर सोडू.

आता संतापाबद्दल. रस्त्याच्या कोंडीत तासन्‌तास अडकलेला ट्रकवाला दुकानात येतो तेव्हा त्याच्याशी विवेकाच्या गोष्टी करायला जाऊ नये. संताप माथ्यावर असताना प्रश्न विचारणारी बुद्धी जागेवर नसते. गॅल शेपेस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की भावना सौम्य असेल तर लोक प्रसंगाचा अर्थ बदलून पाहणे पसंत करतात, आणि ती तीव्र असेल तर लक्ष दुसरीकडे नेणे. लोकांची ही निवड मला शहाणपणाची वाटते. आधी पाणी प्या, चक्कर मारा, गाडीचे टायर ठोकून पाहा. कागद नंतर. आणखी एक युक्ती मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांच्या कामातून मिळाली: स्वतःशी बोलताना 'मी' न म्हणता स्वतःला नावाने हाक मारायची. नावाने बोलले की दुसऱ्याला समजावताना जो थंडपणा येतो तो थोडा आपल्याही वाट्याला येतो. दुकान बंद करताना मी हे करतो. बायको म्हणते, आधी निदान गिऱ्हाइकांशी बोलत होता.

माझ्या बायकोचे या सगळ्याबद्दल फारसे चांगले मत नाही. तिच्या माहेरी धान आहे, ती रोवणीला बांधीत उतरलेली बाई आहे. ती म्हणते, ज्याच्या ढोलीत धान आहे त्याला विचार बदलणे सोपे. तुमचा तो एलिस कडपा उचलायला येतो का? मी बराच काळ हे हसण्यावारी नेत होतो. मग एक अभ्यास वाचला आणि तिची बाजू संशोधकांनीही धरल्याचे दिसले. ॲलिसन ट्रॉय, अमांडा शॉलक्रॉस आणि आयरिस मॉस यांचा २०१३ चा हा अभ्यास. नुकत्याच ताणातून गेलेल्या लोकांची, प्रसंगाकडे नव्याने पाहण्याची हातोटी त्यांनी मोजली. ताण माणसाच्या हाताबाहेरचा असेल तर ही हातोटी असलेले लोक कमी खिन्न होते. पण ताण हाताने दूर करता येण्यासारखा असेल तर उलट, हातोटी जितकी जास्त तितकी खिन्नता जास्त. जिथे हात चालवायला हवेत तिथे माणूस मनच चालवत बसला, तर असे होणारच.

म्हणून काउंटरवर पहिला प्रश्न आता हा असतो: यातले तुमच्या हातात काय आहे? पाऊस नाही. विम्याचा फोन आहे. सुनेचा स्वभाव नाही, तिच्याशी कोणत्या शब्दांत बोलायचे ते आहे.

आणि काही गोष्टी कागदाच्या बाहेरच्या असतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातले मन सगळे गेले असेल, मरणाचे विचार येत असतील, कानात नसलेले आवाज येत असतील, तर तो आजार आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. चालू असलेल्या गोळ्या माझ्यासारख्याचा लेख वाचून बंद करायच्या नाहीत. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथवर जाणे होत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत. हा क्रमांक मी काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे. त्यापुढेही, गावातल्या माणसाला थोडे शिकवले तर किती फरक पडतो हे विदर्भानेच दाखवले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातलेच कार्यकर्ते तयार केले, त्यांनी घरोघरी जाऊन बोलणे सुरू केले, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवले. आधी खिन्नतेने ग्रासलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत होते. नंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. हे २०१७ मध्ये लॅन्सेटच्या मनोविकार नियतकालिकात छापून आले. आमच्या पूर्वेकडच्या जंगलपट्टीत असे कधी होईल, याची मी वाट पाहतो आहे.

बायकोचा मुद्दा मला पुरता कळला तो धान खरेदीच्या हंगामात. दुकानात नेहमी येणारा एक शेतकरी सांगत होता की एका खरेदी केंद्रावर ४० किलोच्या कट्ट्यामागे वर धान घेतात, विचारले तर ओलाव्याचे कारण देतात. मागच्या वर्षी याच गोष्टीवरून त्याचे भांडण होऊन रक्तदाब वाढला होता. यंदा तो अगदी शांत होता. म्हणाला, "तुमी सांगतल्यासारखा विचार बदलला जी. दुनिया अशीच हाय. आता मले राग येत नाही."

बायको आत हिशेब लिहीत होती, ती बाहेर आली. तिने त्याला विचारले, किती कट्टे दिले? त्याने सांगितले. तिने तिथल्या तिथे गुणाकार करून किलो सांगितले, मग रुपये सांगितले. तो गप्प झाला. मी म्हटले, भाऊ, डोके फिरवणारा राग गेला ते बरे झाले, पण चीड कुठे गेली? पाऊस पडायला कोणाची परवानगी लागत नाही. वजनकाट्याचे तसे नाही. काटा माणसाच्या हातात आहे, त्याला नियम आहे, वर अधिकारी आहे. इथे दुनियेचा स्वभाव समजून घेऊन भागायचे नाही.

तो दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आला. तहसीलला द्यायचा अर्ज मी लिहून दिला: तारखा, कट्टे, पावत्यांचे क्रमांक. बायकोने वाचला आणि म्हणाली, फारच मवाळ झाला आहे. तिने खाली दोन वाक्ये वाढवली. त्यातले एक मी काढून टाकायला सांगितले. तिने ठेवले, आणि तिघांनी त्यावर सह्या केल्या.